फोल्गोरेची वेटोळी: १/४८ बांधणीची नोंद

मंडळी, टेबलावर सध्या माक्की सी.२०२ फोल्गोरे या दुसऱ्या महायुद्धातल्या इटालियन लढाऊ विमानाचं मॉडेल आहे, १/४८ मध्ये, म्हणजे खऱ्याच्या अठ्ठेचाळिसाव्या हिश्शाच्या मापात. कॉकपिट आत बंद झालं, पंख बसले, पोटाचा रंग वाळला आणि आता वरच्या छलावरणाची (कॅमोफ्लाजची) वेटोळी चालू आहेत. इटालियन विमानं करणाऱ्यांना हे सांगायला नको, पण नव्यांसाठी सांगतो: या विमानाचं सगळं रूप त्या वेटोळ्यांत आहे. बाकी किट कुणीही जोडेल. त्यामुळे या नोंदीत रंगकाम जास्त आणि जोडणी कमी असणार आहे.

विमान निवडलंय १९४२ च्या उन्हाळ्यातलं, इजिप्तमधल्या फूकाच्या धावपट्टीवरचं, ४ थ्या स्तोर्मोचं (स्तोर्मो म्हणजे इटालियन हवाईदलाची मोठी तुकडी). मे महिन्याच्या अखेरीस ही तुकडी आफ्रिकेत उतरली आणि जर्मन सेनापती रोमेलच्या मागोमाग अल अलामीनपर्यंत पुढे सरकली. हिच्या पांढऱ्या पट्ट्यावर मागच्या पायांवर उभा राहिलेला काळा घोडा असतो. पहिल्या महायुद्धातला वैमानिक फ्रान्चेस्को बाराक्का याचं ते चिन्ह. पुढे एन्झो फेरारीच्या गाड्यांवर गेला तो हाच घोडा, म्हणून घरी येणारा प्रत्येक जण विचारतो, 'फेरारीनं विमानंपण काढली होती का?' उत्तर द्यायचं मी आता सोडून दिलंय.

कॉकपिट

इथे फार वेळ घालवला नाही. आतला रंग म्हणजे इटालियनांचा 'वेर्दे आंतीकोरोझ्योने', गंजरोधक फिकट हिरवा. बाटलीतून काढलेला हिरवा १/४८ मध्ये जरा भडक दिसतो, म्हणून त्यात पांढऱ्याचे थोडे थेंब घालून तो मवाळ केला. उपकरणांच्या पटलावर डेकल (पाण्यात भिजवून चिकटवायचं छापील चित्र), त्यावर प्रत्येक डायलवर चकचकीत वार्निशचा एकेक ठिपका. आसनाचे पट्टे मास्किंग टेपचे कापून बसवले. काच उघडी ठेवणार आहे, त्यामुळे एवढं तरी दिसलंच पाहिजे. फोल्गोरेची काच बाजूला कलंडून उघडते, मागे सरकत नाही, हे लक्षात ठेवा.

जाता जाता एक गंमत. याच्या आधीच्या सी.२०० ला सुरुवातीला बंद काच होती, पण इटालियन वैमानिकांना ती नकोशी झाली. तोंडावर वारा लागला पाहिजे, अशी त्यांची सवय. शेवटी कारखान्याला उघडं कॉकपिट द्यावं लागलं. फोल्गोरेत मात्र बंद काच आली आणि टिकली.

डावा पंख

ज्यांनी माक्की कधी केलेलं नाही त्यांच्यासाठी हा मुद्दा सगळ्यात महत्त्वाचा. या विमानाचा डावा पंख उजव्यापेक्षा सुमारे २० सेंटीमीटर लांब आहे. १/४८ मध्ये हा फरक चार मिलिमीटरच्या वर जातो आणि १/७२ मध्ये तीनच्या जरा खाली राहतो. किटमध्ये तो दिलेला असतो. पण पंख जोडल्यावर टोकं मापून पाहणारा नवखा माणूस हमखास चक्रावतो आणि हातात सँडपेपर घेतो. घेऊ नका! ते तसंच असायला हवं.

कारण इंजिनाच्या फिरण्यात आहे. वैमानिकाच्या जागेवरून पाहिलं तर प्रोपेलर उजवीकडे फिरतो आणि त्याच्या प्रतिक्रियेनं विमान डावीकडे कलू पाहतं. डावा पंख लांब केला की तिकडे उचल वाढते आणि कल सावरतो. हे डोकं मारिओ कास्तोल्दी या डिझायनरचं. हा माणूस मुळात शर्यतीच्या समुद्री विमानांचा. त्याचं एम.सी.७२ हे लाल विमान २३ ऑक्टोबर १९३४ ला गार्दा सरोवरावर ताशी ७०९ किलोमीटर वेगानं उडालं, वैमानिक होता फ्रान्चेस्को आजेल्लो. पिस्टन इंजिनाच्या समुद्री विमानाचा तो विक्रम आजही मोडलेला नाही. तिथे इंजिन जवळपास ३,००० अश्वशक्तीचं, त्यामुळे कलण्याचा प्रश्न फारच मोठा होता. कास्तोल्दीनं तो उलटसुलट फिरणारे दोन प्रोपेलर एकामागे एक बसवून सोडवला. रोजच्या लढाऊ विमानात असली चैन परवडणार नव्हती, म्हणून पंख लांबवला. एकाच माणसाची एकाच प्रश्नाला दिलेली ही दोन उत्तरं आहेत, आणि मला दुसरं जास्त आवडतं. त्यात एकही जास्तीचा सुटा भाग नाही.

मापाचा विचार करताना पंखाचा एकूण पसारा १०.५८ मीटर धरा, म्हणजे १/४८ मध्ये साधारण २२ सेंटीमीटर. तो मोजताना धडाच्या मध्यरेषेपासून दोन्ही बाजू वेगवेगळ्या मोजा.

धड आणि पंखाच्या सांध्यात, विशेषतः पोटाखाली रेडिएटरच्या पुढे, पुट्टी लागली. बाकी किटचा साचा जुना असला तरी पॅनेलच्या रेषा आत खोदलेल्या आहेत आणि बारीक आहेत. त्या बुजू नयेत म्हणून पुट्टी लावल्यावर दोन्ही बाजूंना टेप लावून मगच घासलं.

दोन जागी आपल्या विमानाची सिरीज (उत्पादनाचा टप्पा) पाहूनच निर्णय घ्या. पहिली जागा पंखातल्या बंदुका. फोल्गोरेच्या नाकावर दोन १२.७ मिलिमीटर ब्रेदा-साफात मशीनगन असतात. पंखात आणखी दोन ७.७ च्या बंदुका आल्या त्या पुढच्या सिरीजमध्ये. १९४२ च्या मध्यातलं विमान करताना फोटोत पंखाची पुढची कड नीट पाहा आणि भोकं नसतील तर किटमधली बुजवा. दुसरी जागा डाव्या बाजूचं हवेचं तोंड. वाळवंटातल्या विमानांना तिथे धुळीची गाळणी असते आणि किटमध्ये बहुतेक वेळा दोन्ही प्रकार येतात. माझ्या विमानाला गाळणी आहे.

इंजिनाबद्दल चार ओळी, कारण फोल्गोरे जन्माला आलं ते इंजिनामुळेच. सी.२०० मध्ये फियाटचं ए.७४ रेडियल (सिलिंडर वर्तुळात मांडलेलं) इंजिन होतं, जेमतेम ८७० अश्वशक्तीचं. इटलीत विमानाचे सांगाडे सुरेख बनत, पण तेवढ्या तोलाचं इनलाइन (सिलिंडर ओळीत मांडलेलं) इंजिन नव्हतं. मग जर्मन डाइमलर-बेंझचं डीबी ६०१ आणलं, त्याला साजेसं नवं धड केलं आणि १० ऑगस्ट १९४० ला पहिलं उड्डाण झालं. पुढे तेच इंजिन आल्फा रोमेओनं परवान्यावर बनवलं, १,१७५ अश्वशक्तीचं. विमान ताशी ६०० किलोमीटरपर्यंत गेलं. पण इंजिनं कारखान्यातून इतक्या हळू बाहेर पडत की तुकड्यांना फोल्गोरे कधी पोटभर मिळालंच नाही आणि सी.२०० शेवटपर्यंत लढत राहिलं. मॉडेल करणाऱ्यासाठी याचा अर्थ एवढाच की एकाच काळाची दोन्ही विमानं शेजारी मांडली तर ते खरंच आहे.

वेटोळी

आता मुख्य काम. रंग तीन. पोटाला ग्रिजो अद्झुर्रो क्यारो, म्हणजे फिकट निळसर करडा. वर सगळीकडे नोच्चोला क्यारो हा फिकट बदामी आणि त्यावर वेर्दे ओलीवा स्कूरो या गडद ऑलिव्ह हिरव्याची वेटोळी. १९४१ च्या 'ताव्होला १०' या तक्त्यानं हे रंग ठरवून दिले. नावापुढे कधी १, २, ४ असे आकडे दिसतात, ते या तक्त्यातले. त्याआधी हवाईदलात रंगांचा इतका सुळसुळाट होता की त्या काळातलं विमान करायचं म्हणजे आधी भांडणाची तयारी ठेवायची.

इटालियनमध्ये या वेटोळ्यांना 'आनेल्ली दी फूमो', धुराची कडी, म्हणतात. फोल्गोरे तीन ठिकाणी बनलं: वारेझेला माक्कीकडे, मिलानजवळ ब्रेदाकडे आणि त्राझिमेनो सरोवराकाठी पासिन्यानोला आम्ब्रोझीनीकडे. तिन्हींच्या रंगाऱ्यांचा हात वेगळा. माक्कीचं विमान मोकळ्या, नीट दिसणाऱ्या कड्यांचं. इतर ठिकाणी कडी जवळजवळ येतात, तुटतात, नुसते ठिपके होतात. म्हणून किटच्या माहितीपत्रकातलं चित्र पाहून एकेक कडं त्याच जागी उतरवण्यात अर्थ नाही. ते चित्र काढणाऱ्यानंही अंदाजच केलेला असतो, कारण बहुतेक विमानांचा एका बाजूचा फोटो उपलब्ध आहे, दुसऱ्या बाजूचा नाही. रंगारी स्प्रेगन घेऊन विमानापाशी उभा राहिला आणि हात फिरवत गेला, एवढंच त्या मागचं तंत्र. आपण उतरवायची ती त्या हाताची लय. दोन कड्यांमधलं अंतर, कड्याचा आकार आणि रेषेची जाडी या तीन गोष्टी फोटोतून ठरवा. बाकी हातावर सोडा. वेटोळ्यांचे तयार डेकल मिळतात, पण ते सगळीकडे सारख्या जाडीचे असतात आणि तिथेच कळतं की हे छापलेलं आहे.

माझी पद्धत अशी. एअरब्रश ०.२ मिलिमीटर सुईचा, पुढची टोपी काढलेली, म्हणजे सुई पृष्ठभागाच्या अगदी जवळ नेता येते. दाब १० ते १२ पीएसआय. रंग दुधापेक्षाही पातळ, त्यात रिटार्डरचे (रंग वाळणं लांबवणाऱ्या द्रव्याचे) थेंब. इतका पातळ रंग एका फेरीत दिसतही नाही, म्हणून तेच कडं हलक्या हातानं दोनदा फिरवायचं. रेषेची जाडी १/४८ मध्ये मिलिमीटरच्या आसपास राहिली पाहिजे. त्यापुढे गेली की विमान बिबट्यासारखं दिसू लागतं.

फिरवताना मनगट स्थिर आणि कोपर हलता ठेवा. मी कड्याची सुरुवात हवेतच करतो, हात फिरता असतानाच ट्रिगर मागे घेतो आणि कडं पूर्ण व्हायच्या जरा आधी सोडतो. त्यामुळे टोकं विरून जातात, थेंब साचत नाही. आधी धडाच्या मागच्या भागावर, जिथे पांढरा पट्टा आणि आकडे येणार आहेत तिथे हात बसवून घ्या. मग उरलेलं धड, मग पंख, आणि इंजिनाचं आवरण सगळ्यात शेवटी. बघणाऱ्याची नजर पहिल्यांदा नाकावर जाते, तोपर्यंत हात तापलेला असतो.

जी कडी जाड झाली त्यांच्यावर हिरवा पुन्हा मारू नका. एअरब्रश धुवा, नोच्चोला भरा आणि कड्याच्या आतून बदामी रंगानं ते बारीक करा. हा दुसरा हातच विमानाला खरा करतो. यानं कडांची तीव्रता जाते, रेषा कुठे जाड, कुठे बारीक होते आणि दोन रंग एकमेकांत मिसळल्यासारखे वाटतात. मी तर जी ठीक होती त्यांच्यावरही जरा बदामी फिरवतो.

पावसाळ्यात हे काम करणाऱ्यांसाठी एक सूचना. दमट हवेत ॲक्रिलिक सुईच्या टोकावर लवकर वाळत नाही, हा फायदाच. पण कॉम्प्रेसरची गरम हवा नळीत थंड होते आणि पाणी तिथेच सुटतं. कॉम्प्रेसरपाशी बसवलेला पाणी अडवणारा फिल्टर या पाण्याला पुरत नाही. एक छोटा फिल्टर एअरब्रशच्या मुठीखालीच लावा. एवढ्या बारीक रेषेच्या मध्यावर पाण्याचा एक थेंब आला की संध्याकाळ गेली. लॅकर वापरणार असाल तर मुंबई-कोकणात जुलै सोडूनच द्या, पृष्ठभागावर दुधाळ सायीसारखा थर येतो. ॲक्रिलिकला तो त्रास नाही.

पुढे

उजवा पंख अजून कोरा आहे. तो झाला की चकचकीत थर आणि मग डेकल. पंखांवर फाशेसची (कुऱ्हाड बांधलेली काठ्यांची मोळी, हे फासिस्टांचं चिन्ह) चिन्हं वर-खाली मिळून चार, शेपटीवर इटलीच्या साव्होय राजघराण्याचा पांढरा क्रॉस. कॉकपिटखालच्या छोट्या फाशेसमध्ये कुऱ्हाडीचं पातं दोन्ही बाजूंना पुढे पाहतं, म्हणजे डावं-उजवं डेकल एक नसतं. पाण्यात बुडवण्याआधीच कागदावर खूण करून ठेवा. स्पिनर पांढरा.

मळवणं बेतानं करणार. फूकाला ही विमानं फार जुनी व्हायला वेळच मिळाला नाही. धूर मात्र हवा, प्रत्येक बाजूच्या सहा नळकांड्यांपासून पंखाच्या मुळापर्यंत. वाळूचा रंग चाकांवर आणि पंखाच्या मुळाशी, जिथून वैमानिक चढतो तिथे.

ज्यांना खरं विमान बघायचंय त्यांच्यासाठी रोमच्या उत्तरेला ब्राच्चानो सरोवरावर विन्या दी वाल्ले इथे इटालियन हवाईदलाचं संग्रहालय आहे, आणि एक फोल्गोरे वॉशिंग्टनला स्मिथसोनियनमध्ये आहे. तिथल्या फोटोंवरून सांगाड्याचे तपशील खुशाल घ्या. रंगाचा निर्णय मात्र संग्रहालयातल्या विमानावरून करू नका, ती पुन्हा रंगवलेली असतात. युद्धकाळातला कृष्णधवल फोटोच बरा.

याच्यानंतर फियाट सीआर.४२ घेणार आहे, पूर्व आफ्रिकेतलं, ४१२ व्या स्क्वाद्रीलियाचं (स्क्वाड्रनचं). मारिओ विझिन्तीनी याच तुकडीत होता, दुपंखी विमानावरचा या युद्धातला सगळ्यात यशस्वी वैमानिक. ११ फेब्रुवारी १९४१ ला एरिट्रियात खराब हवामानात डोंगराला धडकून तो गेला. त्याच दिवसांत तिथून जवळच केरेनची लढाई पेटली होती आणि पुढे मार्चमध्ये मराठा लाइट इन्फंट्रीची तिसरी पलटण तिथल्या कड्यांवर चढली. हे विमान त्यांच्या डोक्यावरच्या आकाशातलं, म्हणून १९४० चं इंग्लंडवर गेलेलं विमान न करता हेच करायचं ठरवलं. बांधणीच्या दृष्टीनं सीआर.४२ सोपं आहे, कारण पंखांमधले दांडे वॉरेन पद्धतीचे, त्रिकोणात बसलेले आणि ताठ, त्यामुळे तारांचं जाळं जवळजवळ नाही. पण वरचा पंख बसवायला साचा लागेल. लेगोच्या विटांचा करावा की फोमबोर्ड कापावा, हे अजून ठरलेलं नाही. कुणी १/४८ चं केलं असेल तर दांडे आधी खालच्या पंखाला चिकटवले की वरच्या, तेवढं सांगा.