आमची वाटचाल: उद्यमनगरातला कार्बोरेटरचा गाळा

1987 साली कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात आम्ही दोघांनी मिळून दहा बाय पंधराचा गाळा भाड्याने घेतला. मारुती तेव्हा नुकत्याच दिसायला लागल्या होत्या. पोट भरायचं ते फियाट आणि अँबेसेडरवर. भागीदार इंजिन उतरवायचा, मी कार्बोरेटर (पेट्रोल आणि हवा मिसळून इंजिनला देणारा भाग) आणि टाइमिंग (ठिणगी पडायची वेळ) बघायचो. माझ्याकडे हत्यारं म्हणाल तर उस्तादांनी दिलेला 11 नंबरचा रिंग पाना, जेट (कार्बोरेटरमधलं पेट्रोल मोजून सोडणारं बारीक भोक) काढायचा बारीक तोंडाचा स्क्रू-ड्रायव्हर, फीलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या) आणि जुन्या आरशाची एक जाड काच. ती काच अजून बाकावर आहे. तिच्याबद्दल पुढे सांगतो.

मधली वर्षं बरी गेली. भागीदार 2006 मध्ये वेगळा झाला आणि दोन गल्ल्या सोडून त्याने स्वतःचं गॅरेज काढलं. त्याबद्दल माझी तक्रार नव्हती. तक्रार आहे ती 2011 ची.

ज्यांना आम्ही सर म्हणतो त्या गिऱ्हाइकाची 1978 ची क्रीम रंगाची पद्मिनी (फियाटचंच पुढचं नाव) पहिल्या वर्षापासून आमच्याकडे येते. त्या साली त्यांच्या घरी लग्न होतं आणि वरात आपल्याच गाडीतून काढायची त्यांची इच्छा होती. लग्नाला वीस दिवस असताना मी सोलेक्स, म्हणजे पद्मिनीचा कार्बोरेटर, पूर्ण खोलला. बॉडी धुतली, सगळी जेटं हवेने साफ केली (जेटात तार कधीही घालू नका, भोक मोठं झालं की ते जेट भंगारात), पॅकिंग-वायसरचं नवीन किट टाकलं, पेट्रोल पंपाचा डायफ्राम (रबरी पडदा) बदलला. गाडी पहिल्या सेल्फला चालू झाली. मी मिशीला पीळ दिला.

तिसऱ्या दिवशी सर परत आले. सकाळी चोक ओढून गाडी छान चालायची, गरम झाली की आयडलिंगला (पाय न देता उभी असताना) हंटिंग करायची, म्हणजे इंजिनचा आवाज वर-खाली व्हायचा, सिग्नलला बंद पडायची. चोक थोडा ओढून धरला की पुन्हा नीट. मिक्श्चरचा स्क्रू आत घ्या, बाहेर घ्या, इंजिनला काही फरकच नाही.

मी पेट्रोल कमी पडतंय असं धरलं. निडल व्हॉल्व्हखालचा वायसर पातळ घालून फ्लोट चेंबरमधली, म्हणजे कार्बोरेटरच्या वाटीतली, पेट्रोलची पातळी वर आणली. प्लग काळे पडले, ॲव्हरेज गेलं, हंटिंग जिथल्या तिथे. मग ठिणगीचे पॉइंट नवीन टाकून 18 थाऊला (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग) लावले, कंडेन्सर बदलला, टाइमिंग तपासलं. थ्रॉटलच्या स्पिंडलजवळ (ॲक्सिलरेटरच्या झडपेच्या दांड्याजवळ) तेलाचे थेंब सोडून बघितले; फट असेल तर तेल ती क्षणभर बुजवतं आणि आवाज बदलतो. तिथे कार्बोरेटर हवा घेत नव्हता. पायलट जेट दोनदा काढलं, उजेडाकडे धरून पाहिलं, स्वच्छ होतं. असे नऊ दिवस गेले.

त्या नऊ दिवसांत माझ्या जुन्या भागीदाराने काय करावं? त्याच्याकडे गेलेल्या गिऱ्हाइकांना तो सांगू लागला की, याने सरांच्या गाडीची वाट लावली, आता याला सोलेक्स जमत नाही, नवा कार्बोरेटर बसवून घ्या. माझ्याच बाकावर बसून त्याने सोलेक्स बघितला होता. आमच्या चार पद्मिन्या त्या महिन्यात तिकडे गेल्या. गाळ्याचं भाडं तीन महिने थकलं, पोरगा म्हणाला, बाबा, बंद करू या, मी शोरूममध्ये नोकरी बघतो. ते दिवस मी विसरलेलो नाही आणि विसरणारही नाही.

सरांनाही निरोप गेला होताच. ते गाळ्यावर आले, स्टुलावर बसले आणि म्हणाले, “मिस्त्री, ती गाडी तुमच्याशिवाय कोणी उघडायची नाही. लग्नाला मी रिक्षाने जाईन.”

त्या रात्री दुकानाचं शटर अर्धं ओढून मी पुन्हा इंजिन गरम केलं. तेलाची कुपी घेतली आणि या वेळी स्पिंडल सोडून खाली, कार्बोरेटर मॅनिफोल्डवर (इंजिनात मिश्रण नेणाऱ्या नळीवर) बसतो त्या जागी, इंजिनकडच्या बाजूला, जिथे हात नीट जात नाही तिथे चार थेंब सोडले. इंजिनचा आवाज एकदम सरळ झाला. सायलेन्सरमधून निळसर धुराचा एक झोत आला, आणि मिनिटभराने पुन्हा हंटिंग सुरू. पॅकिंगमधून हवा आत शिरत होती.

कार्बोरेटर उतरवून बूड त्या आरशाच्या काचेवर ठेवलं. दोन्ही कान (नट बसतात त्या कडा) काचेला टेकले, मधे 8 थाऊची पट्टी आरपार गेली. 33 वर्षांत वेगवेगळ्या हातांनी दोन नटांवर जोर काढून फ्लँजचे, म्हणजे त्या बुडाचे, कान खाली ओढले होते. आतापर्यंत जुनं जाड, मऊ पॅकिंग तो बाक झाकत होतं. मी किटमधलं नवीन पातळ पॅकिंग टाकलं आणि तो उघडा पडला. दोष जुना होता, दिसला माझ्या हातून.

काचेवर एमरी पेपर चिकटवला, त्यावर रॉकेल सोडलं आणि इंग्रजी आठच्या आकारात बूड घासत बसलो. आधी फक्त कानांवर चकाकी आली, मग हळूहळू मध्याकडे सरकली. सगळीकडे एकसारखा राखाडी रंग दिसेपर्यंत रात्रीचे दीड वाजले. पॅकिंग बसवलं, दोन्ही नट आळीपाळीने अर्धा-अर्धा आटा देत आवळले, जुन्या जाडीचा वायसर परत घातला. आता मिक्श्चरचा स्क्रू फिरवला की इंजिन बोलत होतं.

वरात पद्मिनीतूनच निघाली. दसरा चौकात वीस मिनिटं गर्दीत उभी होती, बंद पडली नाही. मी स्कूटरवरून मागे होतो.

चारपैकी तीन गाड्या वर्षभरात परत आल्या. भागीदाराने आजवर एक शब्द मागे घेतलेला नाही.

ज्यांच्याकडे अजून पद्मिनी आहे त्यांच्यासाठी एवढं लिहितो. मुंबईची शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर 2023 मध्ये बंद झाली, म्हणजे आता चांगले सुटे भाग शोधावे लागणार. जुने जेट आणि फ्लोट फेकू नका. त्याच वर्षापासून वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल पंपांवर यायला लागलं. जुनं रबर त्यात फुगतं, म्हणून नळी आणि पंपाचा डायफ्राम दरवर्षी बघा. मिक्श्चरचा स्क्रू काढण्याआधी तो पूर्ण आत घेऊन किती आटे बसतात ते कागदावर लिहा. आणि कार्बोरेटर खोलल्यावर बूड काचेवर ठेवून बघाच, मिस्त्री नको म्हणाला तरी.

आमच्याकडे गाडी आणायची असेल तर आदल्या संध्याकाळी आणून लावा. सकाळचा पहिला स्टार्ट, थंड इंजिनवरचा, मला स्वतःच्या कानांनी ऐकायचा असतो.