फायटिंग गेममधलं पहिलं कॅरेक्टर: टियर लिस्ट बंद केली तेव्हा कुठे सुटलो

स्ट्रीट फायटर ६ घेतला, कंट्रोलर जोडला, ट्युटोरियल संपवलं. इथवर सांगण्यासारखं काही नाही. अडलं ते कॅरेक्टर निवडायच्या स्क्रीनवर, आणि असं अडलं की तो विषय निघाला की अजून आवाज चढतो. २०२३ च्या जूनमध्ये गेम आला तेव्हाच त्यात १८ कॅरेक्टर होती, पुढे भर पडतच गेली. नवख्याने त्यातलं कोणतं उचलावं या साध्या प्रश्नाचं धड उत्तर मिळत नाही.

जो तो टियर लिस्ट, म्हणजे कोणतं कॅरेक्टर किती ताकदवान याची क्रमवारी, पुढे करतो. ती यादी मोठ्या स्पर्धा खेळणाऱ्यांच्या हिशोबाने बनलेली असते. गेम सेकंदाला ६० फ्रेमने, म्हणजे ६० चित्रांनी, चालतो आणि अमुक ठोसा तमुक ठोशापेक्षा दोन फ्रेम आधी लागतो का, यावर त्यांची मॅच फिरते. आपली मॅच कशावर फिरते? समोरचा माणूस सारखा उड्या मारत अंगावर येतोय आणि त्याला हवेतून खाली पाडता येत नाही, यावर. त्या यादीत पहिल्या नंबरवर असलेलं कॅरेक्टर घेऊन मीही रोज तसाच मार खाल्ला असता.

दुसरा सल्ला, ‘जे आवडेल ते घे’. ऐकायला फार छान वाटतो. पण आवडलं म्हणून धालसिम घेतलेल्या नवख्याची काय दैना होते ते मी पाहिलंय. हातपाय अर्ध्या स्क्रीनपर्यंत लांबतात, त्यामुळे कुठल्या अंतरावर कुठलं बटण, याचं गणित बाकी सगळ्यांपेक्षा वेगळं. त्याच्यावर शिकलेलं दुसऱ्या कॅरेक्टरला फारसं उपयोगी पडत नाही. झँगीफचंही तसंच. त्याची मुख्य पकड लावायला स्टिक गोल फिरवावी लागते, त्या फेरीत वरची दिशा येते आणि गडी पकड सोडून उडीच मारतो. शिवाय तो संथ, आणि लांबून फेकायला त्याच्याकडे ऊर्जेचा गोळा नाही.

सगळ्यात जास्त राग आहे तो गाईडमधल्या ‘सोपं’ या पाटीवर. लूक या कॅरेक्टरवर ती हमखास असते. त्याच्याकडे गोळा आहे, अपरकट (खालून वर जाणारा ठोसा) आहे, मान्य. पण त्याच्या फ्लॅश नकल या खास ठोशाची खरी ताकद काढायची तर बटण दाबून धरायचं आणि नेमक्या क्षणी सोडायचं. तो क्षण चुकला की ठोसा लागतो, पण फिका. मारामारीच्या धांदलीत नवख्या बोटांनी तो क्षण साधावा, अशी अपेक्षा ठेवून त्याला सोपं म्हणायचं! मरिसाचे ठोसे जबरदस्त लागतात म्हणून तीही सोप्यात धरतात, पण लांब उभं राहून त्रास देणाऱ्याला उत्तर द्यायला तिच्याकडे साधा गोळा नाही. तिथे नवख्याने काय करायचं ते पाटी सांगत नाही.

शेवटी मी सगळं बाजूला ठेवलं आणि ट्रेनिंग मोडमध्ये बसलो. तिथे डमीच्या, म्हणजे सरावासाठी समोर उभ्या असलेल्या कॅरेक्टरच्या, हालचाली रेकॉर्ड करता येतात. मी डमीकडून एकच गोष्ट करून घेतली: उडी मारून येऊन लाथ घालणं. ती रेकॉर्डिंग फिरत ठेवली आणि एकेक कॅरेक्टर घेऊन बघत गेलो, की ही उडी मला हवेतच अडवता येते का. डमीकडून लगोलग उड्या मारून घेऊ नका. मधे कधी थोडं चालणं, कधी नुसतं उभं राहणं असे दोन-तीन स्लॉट रेकॉर्ड करून उलटसुलट चालवा, म्हणजे उडी खरोखर बघूनच बटण दाबावं लागतं.

या चाचणीत रियू पुढे आला. सगळे त्याचं नाव घेतातच, पण कारण शोर्युकेन हे सांगतात. शोर्युकेन म्हणजे त्याचा उडी घेत मारलेला अपरकट; त्याची खूण, म्हणजे स्टिकच्या हालचाली: पुढे, खाली, मग तिरपं पुढे-खाली आणि ठोसा. उडी दिसल्यावर एवढं करेपर्यंत लाथ डोक्यात बसलेली असते. त्यातून समोरचा उडी मारून पलीकडे उतरला की डावं-उजवं बदलतं आणि बोटं जुन्याच बाजूची खूण करतात. मला सोडवलं ते त्याच्या साध्या बटणाने: स्टिक खाली आणि जोरदार ठोसा. वर जाणारा अपरकट निघतो. खूण आठवायची नाही, बाजू बघायची नाही. डमी आपटला, पुन्हा आपटला, आणि पहिल्यांदा मला वाटलं की हा गेम मला येऊ शकतो.

म्हणून निवडताना आधी हे बघा: उडी अडवायला एका बटणाचा उपाय आहे का. मग लांबून फेकायला गोळा आहे का. मग बऱ्यापैकी लांब जाणारी एखादी लाथ, जी समोरच्याने ब्लॉक केली, म्हणजे अडवली, तरी फार महागात पडत नाही. या तीन गोष्टी असल्या की हरल्यावर कारण दिसतं. उडी अडवली नाही, चुकीच्या अंतरावरून गोळा टाकला, एवढंच काय ते. कॅरेक्टर विचित्र असेल तर हरलो का हेच कळत नाही, आणि नवखा तिथेच गेम सोडतो.

रियूचा एक त्रास मात्र कुणी आधी सांगितला नव्हता. पुढे चालत असताना हादोकेन, म्हणजे त्याचा गोळा, टाकायला जावं तर शोर्युकेन निघतो. रियू रिकाम्या हवेत उंच, समोरचा खाली आरामात वाट बघत उभा, आणि उतरताना अख्खा कॉम्बो, म्हणजे एकामागून एक लागणारे फटके. कंट्रोलर खराब आहे असंच वाटतं. ट्रेनिंग मोडमध्ये इनपुटची नोंद चालू केली तेव्हा कळलं. बाणांच्या उभ्या रांगेत हादोकेनच्या खाली, पुढे-खाली, पुढे या तीन बाणांच्या आधी चालण्याचा ‘पुढे’ बसलेला होता. गेमने तो धरून शोर्युकेनची खूण पूर्ण झाली असं मानलं. उपाय साधा आहे: चालणं थांबवून स्टिक क्षणभर मधे सोडायची, मग हादोकेन. ही नोंद पहिल्या दिवसापासून चालू ठेवा, निम्मी चिडचिड वाचते.

केनबद्दल राहिलंच. दिसायला-लढायला रियूचा भाऊच, म्हणून लोक दोघांना एकाच दमात सुचवतात. या गेममध्ये केनचे कॉम्बो त्याच्या धावण्यावर अवलंबून आहेत. मधेच धाव घ्यायची आणि त्यातून पुढची लाथ काढायची. पाहताना सुंदर, पण सुरुवातीला नको. गाईल चालेल. पण त्याचा गोळा, सॉनिक बूम, आधी स्टिक मागे धरून ठेवून मग पुढे ढकलून निघतो. ज्यांना शांत बसून वाट बघता येते त्यांनी तो जरूर घ्यावा, मला ते जमत नाही.

मॉडर्न कंट्रोलला (खास चाली एका बटणावर काढणाऱ्या सोप्या पद्धतीला) नाकं मुरडणाऱ्यांकडे साफ दुर्लक्ष करा. त्यात पुढे आणि एक बटण एवढ्यावर रियूचा शोर्युकेन निघतो. बदल्यात अशा एकबटणी स्पेशलचं नुकसान २० टक्के कमी होतं आणि काही साधे ठोसे-लाथा मिळत नाहीत. बोटांना खुणा झेपत नसतील तर हा सौदा चांगला आहे. मी क्लासिकवर, म्हणजे खुणांच्या पद्धतीवर, राहिलो कारण मला तो हादोकेन स्वतःच्या हाताने काढायचा होता, आणि आता दोन्ही बाजूंनी निघतो याचा मला अभिमान आहे.

रँक्डला, म्हणजे रँक ठरवणाऱ्या ऑनलाइन मॅचना, घाबरून महिनोन् महिने ट्रेनिंगमध्ये बसू नका. इथे रँक प्रत्येक कॅरेक्टरचा वेगळा असतो, त्यामुळे पुढे मन बदललं तरी रियूने कमावलेलं जागेवर राहतं. खालच्या रँकमध्ये निम्मे लोक उड्याच मारतात. तिथे तो खालचा ठोसा सोन्यासारखा चालला आणि मी ब्राँझमधून सिल्व्हरला गेलो तेव्हा खोलीत एकटाच ओरडलो होतो.

आणि हो, तीन-चार कॅरेक्टर चाचणीत खरी उतरली तर मग खुशाल आवडीचं घ्या. जमिनीवरून उठताना मात्र घाईघाईने शोर्युकेन मारू नका, कुणीही असो. समोरचा ब्लॉक करून उभा असतो.