आमची वाटचाल : चिपळुणातलं बंदूक दुरुस्तीचं दुकान

वडिलांनी दुकान टाकलं तेव्हा गिऱ्हाईक म्हणजे शेती संरक्षणाचे परवानेवाले, भातात डुक्कर, काजूत वानर, आणि हातात एकनळी नाहीतर ठासणीची. पुढची वर्षं बरी गेली, त्यात सांगण्यासारखं काय नाही.

सांगायचं ते २०२१ चं. त्याआधी डिसेंबर २०१९ मध्ये कायदा बदलला, एका माणसाला तीनऐवजी दोनच बंदुका, मग ज्यांच्याकडे तिसरी होती त्यांनी ती आमच्याकडे विकायला आणून ठेवली, स्ट्राँगरूम गच्च. आणि २२ जुलैला वाशिष्ठी नदी बाजारपेठेत शिरली. वडिलांनी रजिस्टर तेवढं माळ्यावर नेलं, कारण बंदुकीचा नंबर हरवला की आम्हीच आत. बाकी सगळं पाण्याखाली. नळीत चिखल, लॉकात (चापामागच्या यंत्रणेत) चिखल, दस्त्याच्या भोकात चिखल. लाइट नव्हती, चुलीवर पाणी तापवून एकेक बंदूक खोलून धुतली, गजाला फडकं लावून नळ्या पुसल्या, सुकवल्या, तेल दिलं.

आणि तेव्हाच एक दुकानदार (नाव नाही घेत, दुकान उंचावर म्हणून वाचला) गिऱ्हाइकांना सांगत सुटला की यांच्याकडची बंदूक वाजवलीत तर नळी तोंडावर फुटेल. स्वतः मात्र पॉलिश पेपर मारून काळा रंग फासून द्यायचा, स्वस्तात. अहो, पेपर मारलात की ब्लूइंग (गंज रोखणारा निळा-काळा थर) जातं, मग खाऱ्या हवेत एका पावसाळ्यात परत गंज! लोक हिशोब मागायला आले, काही बंदुका उचलून त्याच्याकडे गेल्या. दुकान बंद करायची भाषा घरात झाली.

मी ठरवलं, राहिलेली प्रत्येक बंदूक जिने बनवली त्या कंपनीला पाठवायची, आमच्या खर्चाने. बऱ्याचशा मुंगेरच्या, म्हणजे थेट बिहार. बंदूक काय आंब्याची पेटी नव्हे एसटीत टाकायला, वाहतुकीचा परवाना हातात पडेपर्यंत खोकं हलत नाही, कागदावरचा नंबर आणि नळीवरचा नंबर जुळायलाच हवा.

गुहागरकडचे आमचे अण्णा आपली दुनळी काही बिघाड नसताना सर्व्हिसिंगला कंपनीत पाठवायचे, लोक हसायचे. ते आले, पुराचं पाणीही न लागलेली बंदूक टेबलावर ठेवली आणि म्हणाले, "खोक्यात जागा असेल तर हीपण जाऊ दे." ते बघून बाकीचे थांबले. कंपनीने नळी बसते तिथला ढिलेपणा काढला, पिना, स्प्रिंगा बदलल्या, ब्लूइंग नवीन.

आता विचारलं नाहीत तरी सांगतो. पावसात बंदूक रेक्झिनच्या कव्हरात ठेवू नका, आत ओल धरते. उभी ठेवायची तर नळीचं तोंड खाली, नाहीतर तेल झिरपून दस्त्याचं लाकूड मऊ पडतं. रिकामा चाप ओढत बसू नका. आचारसंहितेत पोलीस ठाण्यात जमा करताना तेल लावून द्या, आणि परत घेताना नळी उघडून, रिकामी आहे बघून, नळीतून उजेड दिसतो का तेही बघा, लाजायचं नाही.

तो उंचावरचा दुकानदार आता कंपनीला पाठवायच्या बंदुका गिऱ्हाइकाच्या हाती आमच्याकडेच पाठवतो. मी घेतो. चार्ज पूर्ण लावतो.