कोंबड्यांचं संध्याकाळचं जेवण

आमच्याकडे सध्या बारा कोंबड्या आणि एक कोंबडा आहे. सात गावठी, पाच ग्रामप्रिया या सुधारित जातीच्या. घर गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात, वाळपईपासून थोडं आत. मागे कुळागर, म्हणजे पोफळी-नारळाची बाग, वर काजूचा डोंगर. हिंडायला एवढी जागा असल्यामुळे पहिलं दीड वर्ष मी खाण्याच्या वेळेचा विचारच केला नाही. खुराड्याशेजारी लेअर मॅशचं, म्हणजे अंड्यावरच्या कोंबड्यांच्या भरड तयार खाद्याचं, भांडं भरून ठेवायचं आणि रिकामं झालं की परत भरायचं, एवढंच.

जुलैत ते अंगाशी आलं. आठ दिवस झड लागली होती. दोन कोंबड्या पंख पाडून एका जागी उभ्या राहायला लागल्या, दाण्याकडे बघेनात. पशुवैद्यांनी कोंबड्या तपासायच्या आधी ते भांडं मागवलं आणि तळाशी नख घातलं. वरचा मॅश कोरडा, खाली मात्र हिरवट ढेप. रोज वरून नवीन ओतताना जुना तळातच राहत होता. बुरशीचं विष थेट यकृतावर जातं, असं त्यांनी सांगितलं. दोन्ही गेल्या. त्यातली तांबडी माझ्या हातावर वाढलेली होती. तिची आठवण आली की अजून पोटात कालवतं.

तेव्हापासून भांडं दिवसभर ठेवणं बंद केलं. दोन वेळा द्यायचं, उरलं तर उचलायचं आणि भांडं घासून पालथं घालायचं. पावसाळ्यात आठ दिवसांच्या वर पुरेल एवढा मॅश घरात आणायचाच नाही.

पण दोन वेळांत कुठल्या वेळी किती, हे ठरवायला आणखी वर्ष गेलं. मी सकाळी जास्त द्यायचे, रात्रभर उपाशी असतात म्हणून. सासूबाई म्हणायच्या, "गो, सकाळी त्यांचे त्या शोधतात. सांजेला पोट भरल्याशिवाय दांड्यावर चढवू नको." मी ते जुन्या पद्धतीचं बोलणं समजून सोडून दिलं होतं. मग अंडी पातळ कवचाची यायला लागली. उचलताना बोटाखाली दबायची.

अंड्याचं कवच तयार व्हायला साधारण वीस तास लागतात आणि त्यातलं बरंचसं काम रात्री, कोंबडी झोपलेली असताना चालतं. त्या वेळी पोटात चुना नसेल तर ती स्वतःच्या हाडांतला काढून वापरते. हे समजल्यावर सासूबाईंचं म्हणणं मला खऱ्या अर्थाने पटलं.

आता सकाळी उजाडल्यावर पाव किलो कणी, तीही अंगणात पसरून, म्हणजे उकरायची सवय राहते. नंतर दिवसभर गांडुळं, वाळवी, कुळागरातलं काय मिळेल ते. संध्याकाळी सहाशे ग्रॅम मॅश आणि शेजारी वेगळ्या करवंटीत तिसऱ्यांच्या (खाण्याच्या शिंपल्यांच्या) कवचांचा चुरा. शिंपल्या धुऊन, उन्हात वाळवून, चुलीच्या निखाऱ्यावर भाजल्या की पाट्यावर पटकन फुटतात. पीठ करायचं नाही, जाडसर ठेवायच्या. मोठे तुकडे पोटात हळूहळू विरघळतात आणि रात्रभर पुरतात. चुरा मॅशमध्ये मिसळत नाही. जिला हवा ती आपणहून टोचते, आणि कोंबडा तिकडे फारसा फिरकत नाही.

वेळ मात्र घड्याळावर बांधलेली नाही. डिसेंबरात सहा वाजताच काळोख पडायला लागतो, तेव्हा पावणेपाचला देते. जूनमध्ये पावणेसहाला. दांड्यावर चढायच्या आधी तासभर खायला मिळालं पाहिजे. खाण्यासाठी सगळ्या घराकडे येतात, त्यामुळे मोजणीही होते. आमच्याकडे मुंगुसांचा त्रास आहे, म्हणून ती मोजणी मी एकही दिवस चुकवत नाही.

मे महिन्यात दुपारी काहीच देत नाही. खाल्लेलं पचताना अंगात उष्णता तयार होते आणि दुपारी त्या आधीच चोची उघडून धापा टाकत असतात. त्या दिवसांत सकाळची कणी अगदी फटफटताना टाकते आणि पाण्याची भांडी फणसाच्या सावलीत तीन ठिकाणी ठेवते.

पोट भरलं की नाही हे बघायला माझी एकच पद्धत आहे. दिवेलागणीनंतर खुराड्यात जाऊन एकेकीच्या गळ्याखाली हळूच हात घालायचा. भरलेली पिशवी लिंबाएवढी, घट्ट लागते. आत कण्यांचे दाणेसुद्धा बोटांना कळतात. सकाळी तीच जागा सपाट झालेली असली पाहिजे. सकाळीही फुगलेली लागली तर काहीतरी अडकलंय, तिला त्या दिवशी वेगळं ठेवते. लहान पिल्लांना मोठ्यांचा मॅश खाऊ देत नाही. त्यातला जास्तीचा चुना त्यांच्या मूत्रपिंडांना झेपत नाही, म्हणून त्यांची जागा आणि वाटी वेगळी.

सध्या काळी गावठी खुडूक होऊन अकरा अंड्यांवर बसली आहे. तिला यातलं काही लागू नाही. ती दिवसातून एकदाच उठते, तेही पंधरा-वीस मिनिटं, आणि कधी उठेल ते सांगता येत नाही. म्हणून तिची कणी आणि पाणी टोपलीपासून हातभर अंतरावर झाकून ठेवते, आणि ती उठलेली दिसली की हातातलं काम टाकून झाकण काढायला धावते. आज चौदावा दिवस.