सोलरची घाई आणि टाकीची सावली
आजचा दिवस गच्च्यांची मापं घेण्यातच गेला. वीजबिल वाढलं की सगळ्यांना सोलर उद्याच हवं असतं! ३ किलोवॅटला ५४० वॅटची ६ पॅनेल, साधारण ३०० चौरस फूट मोकळी जागा, तोंड दक्षिणेला. महिन्याला सरासरी ३५० युनिटच्या आसपास (पावसाळ्यात बरीच कमी). पीएम सूर्यघरचं (घराच्या छतावरच्या सोलरसाठीची केंद्राची योजना) अनुदान ७८,००० रुपये. खरा घोळ सावलीचा. टाकीची सावली एका पॅनेलवर पडली तरी अख्ख्या ओळीची वीज घसरू शकते, म्हणून जागा सकाळी ९ला आणि दुपारी ४ला बघायची, भर बाराला नाही. आणि हो, बॅटरी नसेल तर लाइट गेल्यावर सोलरही बंद. सोलरची वीज बाहेरच्या लाइनमध्ये जाऊन तिथल्या वायरमनला शॉक बसू नये म्हणून सोलरचा इन्व्हर्टर (पॅनेलची वीज घरात वापरता येईल अशी करणारं यंत्र) आपणहून थांबतो.