शिलाई बाहेरच्या बाजूला

स्तनाच्या कॅन्सरवर मला रेडिएशनचे, म्हणजे किरणांचे, एकूण २० शेक घ्यायचे होते. १५ पूर्ण स्तनाला आणि वरचे ५ फक्त गाठ काढली त्या जागेला. सोमवार ते शुक्रवार जायचं, शनिवार-रविवार सुट्टी. ऑपरेशन झालं होतं, किमो संपली होती, डोक्यावर बोटभर केस आले होते. आता काय, नुसता लाईट घ्यायचा, अशी माझी समजूत. मंगळवार पेठेत माझं ब्लाऊज शिवायचं दुकान आहे. सकाळी शेक घेऊन अकराला मशीनवर बसायचं, असंही मी ठरवून टाकलं होतं.

शेक सुरू होण्याआधी सीटी स्कॅन करून अंगावर रेघा मारल्या आणि सुईनं तीन बारीक ठिपके गोंदले. रोज नेमकं त्याच जागी झोपवता यावं म्हणून. तीस वर्षं मी दुसऱ्यांच्या कापडावर खडूनं खुणा करत आले, त्यामुळे रेघा मारणाऱ्या मुलीचा हात किती स्थिर आहे तेच बघत राहिले. "मावशी, रेघा पुसू द्यायच्या नाहीत हं," ती म्हणाली.

म्हणजे अंघोळच बदलली. आमच्याकडं पाणी कडकडीत लागतं आणि पाठ-काख वज्रीनं घासल्याशिवाय अंघोळ झाल्यासारखी वाटत नाही. आता कोमट पाणी, बिनवासाचा सौम्य साबण, तोही हातानंच, आणि मऊ पंचानं नुसतं टिपायचं. पावडर नाही, अत्तर नाही, काखेत ब्लेड नाही, बर्फ नाही की गरम पाण्याची पिशवी नाही. डॉक्टरांनी एक साधी बिनवासाची क्रीम दिली होती. ती शेक घेऊन आल्यावर आणि रात्री लावायची, शेकाच्या आधी नाही.

यंत्राखाली काहीच कळत नाही. दोन्ही हात डोक्यावर घेऊन पडायचं. शेकापेक्षा नीट झोपवण्यातच जास्त वेळ जातो. पहिला आठवडा असा गेला की मी बहिणीला फोन करून म्हटलं, उगाच घाबरवतात लोक.

खरी कसरत घरात होती. शेक म्हटल्यावर जो तो काहीतरी घेऊन यायचा. शेजारच्या काकूंनी अंगणातली कोरफड आणली. नणंदेनं खोबरेल पाठवलं. सासूबाई म्हणाल्या, "लोणी काढून ठेवतो, हळद घालून लाव. चटका बसल्यावर आम्ही काय करत होतो?" त्यांना कसं सांगायचं, की हा चुलीचा चटका नव्हे? लोणी खाल्लं, कोरफड कुंडीत लावली. खोबरेल डोक्याला. सगळे खूश.

दुसऱ्या आठवड्याच्या शेवटी तिथं ऊब जाणवायला लागली. कागदावर 'त्वचा लाल होते' असं छापलं होतं. मी आरशात लाल शोधत होते, माझ्या रंगावर लाल कुठलं दिसणार? काळवंडलं, बारीक पुरळ आलं आणि खाज सुटली. खाज सांगितल्यावर एक मलम लिहून दिलं. रांगेतल्या एका बाई मला त्यांची ट्यूब देऊ बघत होत्या, पण ती मी घेतली नाही.

आणि मग माझी चूक. रविवारी भाचीची हळद होती. महिनाभर सुती घातलं, एक दिवस काठपदर नेसला तर काय होतंय? माझाच शिवलेला ब्लाऊज, काखेत चापून बसणारा, आत अस्तर. मे महिन्याचा उन्हाळा, मांडवात घाम. रात्री ब्लाऊज काढला तर काख सोलवटलेली. माझ्याच शिलाईनं मला कापलं म्हणा ना.

दुसऱ्या दिवशी कपाटातून आईचं जुनं लुगडं काढलं. शंभर धुण्यांनी मलमलीसारखं झालेलं. त्याचे सहा झबले शिवले. पुढून उघडे, बाही ढगळ, काखेत दोन इंच जास्त, आणि सगळी शिलाई बाहेरच्या बाजूला. ओव्हरलॉक नाही, हूक नाहीत, नाड्या. तारेची ब्रा तर आधीच बंद होती. दुपारी दुकान मिटून पंख्याखाली कमरेवर हात ठेवून बसायचं, म्हणजे काखेला वारा लागतो. हाताचे व्यायाम मात्र सोडायचे नाहीत, नाहीतर खांदा आखडतो.

विसावा शेक झाला, पेढे वाटले. आणि त्यानंतरच्या आठवड्यात स्तनाखालच्या घडीत पाणी सुटलं. मी रडले. संपल्यावर कसं वाढतं? डॉक्टरांनी समजावलं: कातडी खालून नवी तयार होत वर येते. किरणांनी खालचं काम मंदावतं, म्हणून परिणाम उशिरा दिसतो, आणि शेवटच्या शेकानंतर आठ-पंधरा दिवस वाढतोच. हे पेढ्यांच्या आधी सांगितलं असतं तर बरं झालं असतं. सलाईनमध्ये भिजवलेला गॉज ठेवायचा, वर न चिकटणारी पट्टी. चिकटपट्टी कातडीवर लावायची नाही, झबल्यालाच लावायची. पू, घाण वास किंवा ताप आला तर त्याच दिवशी यायचं. तसं काही झालं नाही. तीनेक आठवड्यांत पापुद्रे गेले, खालची कातडी गुलाबी निघाली. काळेपणा बरेच महिने होता. उन्हात अजून पदर गळ्यापर्यंत ओढून घेते.

रांगेतल्या त्या ट्यूबवाल्या बाई गडहिंग्लजच्या. माझा झबला बघून त्यांनीही चार शिवायला टाकले. माप घेताना तीनदा म्हणाल्या, "काखेत लै ढगळ नको बाई, बरं दिसत नाही." मी हो म्हटलं आणि दोन इंच वाढवूनच कापलं.