तुम्ही विचारलंत म्हणून: अबोल पोरीनं पुण्यात पहिलं वर्ष कसं काढलं

बारावीचे निकाल लागले की मला गावाकडून फोन येऊ लागतात. निलंगा तालुक्यातल्या आमच्या गावातून पुण्याला शिकायला गेलेली मी काही पहिली मुलगी नव्हे, पण अबोल म्हटलं की गावात अजून माझंच नाव निघतं. त्यामुळं प्रश्न ठरलेला असतो. "आमची पोरगी लई लाजाळू हाय. तू तिथं पहिलं वर्ष कसं काढलीस?" फोनवर दोन वाक्यांत उरकते आणि नंतर दिवसभर चुटपुट लागते. म्हणून एकदा नीट लिहिते.

मी २०११ च्या जुलैत पुण्याला आले. त्याआधीची दोन वर्षं लातूरला होते. लातूर पॅटर्न म्हणजे सराव, चाचणी आणि पुन्हा सराव. तिथं बोलावं लागत नाही, लिहावं लागतं. मला ते मानवलं होतं. पुण्यात बीएस्सीच्या वर्गात पहिल्याच आठवड्यात सरांनी विचारलं, आकृती झाली का? मी म्हणाले, "काढायले, सर." आमच्याकडं "काढतेय"ला असंच म्हणतात. मागून हसू आलं. त्या दिवसापासून मी प्रत्येक वाक्य आधी मनात पुण्याच्या मराठीत जुळवायची आणि ते जुळेपर्यंत बोलायची वेळ निघून गेलेली असायची. माझ्या लाजेतली निम्मी लाज भाषेची होती, हे मला फार उशिरा कळलं. मुलीला "बोलायला शीक" म्हणणाऱ्या आयांना मी हे आवर्जून सांगते. तिला बोलता येतं. घरी ती बोलतेच की.

हजेरीचं तर वेगळंच झालं. वर्गात शंभराच्या वर मुलं, माझा नंबर शेवटून जवळ, आणि माझं "यस सर" पहिल्या बाकाच्या पुढं जायचं नाही. मी रोज वर्गात असायचे आणि कागदावर नसायचे. दिवाळीच्या आधी ७५ टक्के हजेरी न भरलेल्यांची यादी बोर्डावर लागली, त्यात माझं नाव. परीक्षेला बसू देणार नाहीत म्हणाले. रात्रभर झोप नाही. घरी सांगावं तर अण्णा पहिल्या एसटीनं निघून येतील ही भीती. शेवटी मी सगळं एका कागदावर लिहिलं आणि आमच्या मॅडमच्या टेबलावर नेऊन ठेवलं. त्यांनी उभ्याउभ्या वाचलं, माझी वही मागितली, सगळ्या तासांच्या तारखा पाहिल्या. म्हणाल्या, "उद्यापासून दुसऱ्या बाकावर बस आणि हात वर कर. आवाज नाही आला तरी चालेल." मग जाताजाता विचारलं, "कमवा आणि शिकामध्ये नाव दिलंयस का? लायब्ररीत मुली हव्या आहेत."

त्या एका वाक्यानं माझं वर्ष बदललं.

पुणे विद्यापीठाची ही योजना कर्मवीर भाऊराव पाटलांच्या नावानं चालते. अण्णांना आधी पोरीनं काम करणं पटलं नव्हतं. कर्मवीरांचं नाव ऐकल्यावर ते निवळले. ज्या माणसानं १९१९ साली रयत शिक्षण संस्था काढली आणि पोरांना राबून शिकायला शिकवलं, त्याच्या नावाचं काम म्हटल्यावर त्यांना कमीपणा वाटेना.

रोज दुपारी दोन तास. परत आलेली पुस्तकं ढकलगाडीवर घेऊन जागच्या जागी लावायची. प्रत्येक विषयाला ठरलेला आकडा: भौतिकशास्त्र ५३० ला, मराठी साहित्य ८९१.४६ ला. महिनाभरात आकडे तोंडपाठ झाले. मग लोक मला विचारू लागले आणि मला उत्तर माहीत असायचं. याचं महत्त्व धीट माणसाला कदाचित कळणार नाही. समोरचा आपल्याकडं बघत नसतो, त्याला पुस्तक हवं असतं. ग्रंथपालांनी एकदा ग्रंथालयशास्त्रातले मोठे जाणकार रंगनाथन यांचे १९३१ चे पाच नियम सांगितले होते. त्यातला चौथा, वाचकाचा वेळ वाचवा, मला फार आवडला. थोडक्यात आणि नेमकं बोलणं इथं गुण होता. आधी नुसतं बोट दाखवायचे, मग "तिसरा रॅक, खालून दुसरा कप्पा" एवढं बोलू लागले. कुणी हसलं नाही.

माझ्याबरोबर धुळ्याकडची एक मुलगी होती. तिच्या घरी अहिराणी. दोघी रॅकच्या दोन बाजूंना उभ्या राहून पुस्तकं लावायचो, मधल्या फटीतून बोलायचो. तोंडाकडं बघावं लागत नव्हतं म्हणूनच बहुधा मी तिच्याशी इतकं बोलले. "काढायले" तिच्यापुढं सहज तोंडातून जायचं. ती आजही माझी सगळ्यांत जवळची मैत्रीण आहे.

अवघड राहिला तो रविवार. रविवारी संध्याकाळी मेस बंद. हॉटेलात एकटीनं जाऊन बसायची हिंमत मला पहिलं वर्षभर झाली नाही. आईनं धाडलेले धपाटे असले तर ठीक, नाहीतर बिस्किटावर झोपायचे. फेब्रुवारीत कधीतरी मेसच्या मावशींच्या ते लक्षात आलं. त्यानंतर त्या रविवारी दुपारीच चार पोळ्या आणि सुकी भाजी बांधून द्यायच्या. मी मागितलं नव्हतं. मागायला हवं होतं, त्या सप्टेंबरातच देत्या.

परवा असाच एक फोन आला. आई बोलत होती, मुलगी शेजारी बसून ऐकत होती. "घे, ताईशी बोल" म्हणून त्या फोन तिच्या हातात द्यायला लागल्या. मी म्हटलं, "काकू, राहू द्या. माझा नंबर तेवढा तिला द्या."

रात्री अकराला मेसेज आला. "ताई, मेस रविवारी चालू असते का?"

मी लगेच लिहिलं, संध्याकाळी बंद असते, दुपारीच मावशींना पोळ्या बांधून माग, त्या देतात.